ताईचं यंत्र काय पकडतं

ताईच्या यंत्राला वीस तोंडं होती आणि ते दिवसभर सिगारेटी ओढायचं. न खोकता, न कंटाळता, कुणाशी चकाट्या न पिटता. ओळीने लावलेल्या वीस सिगारेटी पेटल्या की यंत्र मिनिटातून एकदा ठरावीक मापाचा झुरका घ्यायचं आणि तो धूर एका पांढऱ्याशुभ्र चकतीतून आत खेचायचं. बघता बघता चकतीचा रंग न घासलेल्या दातांसारखा व्हायचा. प्रयोगशाळा बघायला कुणी आलं की ताई आधी ती चकती त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "हे झालं डोळ्यांना दिसणारं. आता न दिसणारं बघू."

न दिसणारं बख्खळ होतं. सिगारेटच्या धुरात हजारो पदार्थ असतात आणि त्यातल्या बऱ्याचशांना ताई नावानिशी ओळखायची. गाडीच्या धुरांड्यातून बाहेर पडतो तोच कार्बन मोनॉक्साइड. ज्याचं नाव ऐकून पाहुणे दोन पावलं मागे सरकत तो हायड्रोजन सायनाइड. फॉर्माल्डिहाइड, बेन्झीन, डांबरासारखा चिकटा. या सगळ्या गोतावळ्याचा कर्ता पुरुष म्हणजे निकोटिन. माणूस सिगारेट ओढतो ती त्याच्यासाठी, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर फुकट आत शिरतात.

पण यंत्र ओढतं नियमाने आणि माणूस ओढतो मनाने. कुणी अर्धी फेकतो, कुणी बोट भाजेपर्यंत सोडत नाही. म्हणून कुणाच्या अंगात खरोखर किती गेलं हे माणसाकडूनच मोजून घ्यावं लागतं. ताईच्या कामाचा दुसरा भाग हा होता. निकोटिन शरीरातून लवकर निघून जातं, पण जाताना यकृत त्याचं कोटिनिन करून ठेवतं आणि ते दोनतीन दिवस लघवीत सापडत राहतं. दवाखाने ताईच्या प्रयोगशाळेत बाटल्या पाठवायचे. बाटलीवर नाव नसायचं, नुसता क्रमांक. ताई मोजायची, सही करायची. या आकड्यांवर तिचा जेवढा विश्वास होता तेवढा सख्ख्या नातेवाइकांवरही नव्हता. नातेवाईक म्हणजे मुख्यतः धाकटा भाऊ.

घरी हे रसायनशास्त्र ऐकून घ्यायला कुणाला सवड नव्हती. कोटिनिन म्हटलं की आई जांभई द्यायची. म्हणून ताईने घरच्यांसाठी दोन्ही कामांचं मिळून एक सुटसुटीत वाक्य करून ठेवलं होतं. "माझं यंत्र धूर पकडतं." भावाला दम द्यायलाही तेच उपयोगी पडायचं. प्रयोगशाळेत दशांश चिन्हासाठी भांडणारी ही बाई, पण घरात मात्र हे ढोबळ वाक्य तिने वर्षानुवर्षं खपवलं आणि त्याचं तिला कधी काही वाटलं नाही.

भावाला सगळे इंजिन म्हणत. हे नाव त्याला मित्रांनी दिलं होतं आणि ते इतकं चपखल बसलं की आईसुद्धा तेच वापरू लागली. इंजिन फरशी बसवायचा. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती जागची हलायची नाही, असा त्याचा हात. पण उभं आयुष्य गुडघ्यांवर आणि कमरेत वाकून गेल्यामुळे पाठीचे दोन मणके एकमेकांवर घासायला लागले होते आणि मध्ये सापडलेली नस उजव्या पायाचा जीव काढत होती. आधी मुंग्या आल्या, मग पाऊल घसटायला लागलं. मणक्यांच्या डॉक्टरांनी फोटो बघितले आणि सरळ सांगितलं, "दोन मणके जोडावे लागतील. फार थांबलो तर या पायातली ताकद परत येईल याची खात्री मी देणार नाही. आणि एक गोष्ट. सिगारेट ओढणाऱ्याचं हाड नीट जुळत नाही. आजपासून बंद. शस्त्रक्रियेआधी लघवी तपासणार. त्यात काही निघालं तर मी हात लावणार नाही."

इंजिनने त्या रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना बोलावलं आणि ताटावर बसायच्या आधीच खिशातलं पाकीट काढून सगळ्यांसमोर चुरगाळलं. "उद्यापासून नाही," तो म्हणाला, "आत्तापासून. एका फटक्यात. गोळ्या नाहीत, पट्ट्या नाहीत. निव्वळ जिद्दीवर."

गोळ्या-पट्ट्यांचा टोमणा ताईला होता. दोन वर्षांपूर्वी तिने त्याला निकोटिनचा गम आणून दिला होता, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता, "मी काय तान्हं बाळ आहे, चोखणी द्यायला?" आणि पाकीट न फोडता कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. ताईने ते मनावर घेतलं नव्हतं असं नाही.

इंजिनच्या बायकोने चुरगाळलेलं पाकीट उचललं, आत एकही शिल्लक नाही ना ते बघितलं आणि मग ते टाकून दिलं. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवून तिने निम्मं शहर शिकवलं होतं आणि संसारातही तिचा पाय त्या ब्रेकवरून कधी हलत नसे. पण दुसऱ्या दिवसापासून ती शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "आमच्या ह्यांनी सोडली हो. एका फटक्यात." इतक्या वर्षांत नवऱ्याबद्दल बाहेर कौतुकाने बोलायची ही तिची पहिलीच वेळ होती. ते फिरून इंजिनच्या कानावर आलं आणि त्या दिवशी तो पाऊल घसटतच पण छाती काढून घरभर फिरला.

आणि मग, शस्त्रक्रियेची तारीख तोंडावर आली असताना, डॉक्टरांकडून फोन आला की तपासणीत कोटिनिन निघालं आहे, तारीख रद्द. पुढची चार महिन्यांनी.

ताई पोचली तेव्हा भावजय स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. तिने कागद पुढे केला. आकडा होता, आणि आकड्याखाली ताईची स्वतःची सही होती. क्रमांक लिहिलेल्या कुठल्यातरी एका बाटलीबद्दल आठवड्यात केव्हातरी ती सही तिने ठोकली होती. इतका चढा आकडा म्हणजे शेजारच्याचा धूर नाकात गेला, असली सबब चालण्यासारखी नव्हती.

"चूक असू शकते का, ताई?" भावजयने विचारलं. तिला हो ऐकायचं होतं.

"नाही," ताई म्हणाली.

इंजिन खुर्चीत बसला होता, उजवा पाय स्टुलावर ठेवून. "मी ओढली नाही," तो म्हणाला.

"आकडा बरोबर आहे."

"मी ओढली नाही."

"एखाददुसरी? कुणी दिली, नको कसं म्हणायचं म्हणून? लिफ्टमध्ये? गच्चीवर?"

"एक झुरकाही नाही."

"मग हे आकाशातून पडलं का?"

इंजिनने तिच्याकडे बघितलं. "तुझ्या यंत्राला विचार," तो म्हणाला. "मला कशाला विचारतेस? माझं कधी ऐकलंयस तू?"

भावजय आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. दार आपटलं असतं तर बरं, असं ताईला वाटलं.

घरी जाताना ताईचा संताप संताप होत होता. पायातली ताकद चालली आहे आणि हा शहाणा खोटं बोलतोय. पण निम्म्या वाटेवर तिच्या डोक्यात काहीतरी खुपायला लागलं. इंजिन खोटं बोलताना कसा बोलतो हे तिला तो बोलायला लागल्यापासून माहीत होतं. तो पाल्हाळ लावतो. मित्राचं जाकीट, वाऱ्याची दिशा, अगरबत्तीचा वास, सगळं रामायण सांगतो आणि मध्येमध्ये हसतो. आज तो हसला नव्हता. एका वेळी तीनचार शब्दांच्या पुढे गेला नव्हता. कुठेतरी पाणी मुरत होतं. भाऊ खोटं बोलतोय की आकडा, हे कळल्याशिवाय आपल्याला चैन पडायचं नाही हे तिने त्या वाटेवरच ओळखलं. आणि एकदा तिने एखाद्या गोष्टीचा पिच्छा धरला की ती गोष्टच आधी हात टेकायची.

दुसऱ्या दिवशी तिने प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. "भाऊ आहे. तू मोजलेलं कुणी मानणार नाही, कमी निघालं तरी आणि जास्त निघालं तरी. प्रत्येक बाटलीचे दोन भाग कर. एक तू मोज, एक मी मोजते."

"आणि श्वासाचं यंत्र घरी नेऊ?"

"ने. फोडू नकोस."

श्वासाचं यंत्र हातात मावेल एवढं होतं. माणसाने श्वास रोखायचा, मग नळीत हळूहळू सोडायचा, की श्वासातला कार्बन मोनॉक्साइड किती ते पडद्यावर येतं. तो मुख्यतः जळण्यातून तयार होतो. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात तो सहज वीसच्या वर जातो, न ओढणाऱ्याच्या दोनतीनवर रेंगाळतो. ताई सकाळी इंजिनच्या दारात उभी राहिली.

"फुंक."

इंजिनने फुंकलं. पडद्यावर दोन.

"बघ," तो म्हणाला.

"याने काही सिद्ध होत नाही. एका दिवसात उतरतो तो. मी येणार म्हणून काल ओढली नसशील."

"तू येणार हे मला कुठे माहीत होतं?"

ताईने रिकामी बाटली पुढे केली. "बाटली भरून दे," ती म्हणाली.

त्यानंतर ती वेळ न सांगता यायला लागली. कधी भल्या पहाटे, कधी भर दुपारी तो जेवताना, एकदा तर तो दाढी करत असताना. अर्ध्या गालाला फेस असताना इंजिनने फुंकलं. तीन. भावजय हे सगळं दारातून बघायची आणि आत निघून जायची. तिने शिकाऊ लोकांना ती फुशारकी सांगणंही बंद केलं होतं.

"ताई, पुरे आता," एकदा इंजिन म्हणाला. "आरोपीला पण एवढं छळत नाहीत."

"फुंक."

दोन.

बाटल्यांचं मात्र वेगळंच चाललं होतं. माणसाने निकोटिन थांबवलं तर कोटिनिन दर दिवसाला निम्म्याहून खाली यायला हवं. इंजिनचं जागचं हलत नव्हतं. आज जेवढं, उद्या तेवढंच. ताईने मोजायचं यंत्र स्वच्छ करून पुन्हा मोजलं. नुसतं पाणी मोजलं, शून्य. स्वतःची बाटली मोजली, शून्य. मोठ्या बाईंचे आकडे आणि तिचे आकडे दोन भावंडांसारखे जुळत होते. म्हणजे निकोटिन रोज अंगात जात होतं, नेमाने जात होतं, पण धूर जात नव्हता. डब्यातली पोळी तशीच ठेवून ती त्या दोन आकड्यांकडे बघत बसली. एक म्हणत होता हा माणूस ओढतो, दुसरा म्हणत होता ओढत नाही, आणि दोन्ही तिनेच मोजले होते.

मग तिला वाटलं, सापडला. तंबाखू चघळत असणार. ओढणं बंद केलं आणि पुडी धरली. धूर नको म्हणाले डॉक्टर, म्हणून हा पठ्ठ्या गालात तंबाखू धरून बसला आहे आणि वर छातीठोकपणे सांगतोय की ओढली नाही. हे त्याच्या अकलेला शोभेल असंच होतं.

हे पकडायची रीत ताईला माहीत होती. तंबाखूच्या पानात निकोटिन एकटं नसतं, त्याची भावंडं असतात. त्यातलं एक अ‍ॅनाबेसिन. तंबाखू शरीरात कुठल्याही वाटेने जाऊ दे, ओढून, चघळून, हुंगून, निकोटिनच्या मागोमाग हे धाकटं भावंड येतंच. ताईने राखून ठेवलेल्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या आणि यंत्राला अ‍ॅनाबेसिन शोधायला लावलं. यंत्र चालू असताना ती भावाला काय बोलायचं त्याची मनातल्या मनात उजळणी करत होती. बोलणं बरंच लांबलं होतं आणि त्यात एकदोन शब्द आईसमोर बोलण्यासारखे नव्हते.

अ‍ॅनाबेसिन निघालं नाही. एकाही बाटलीत नाही. मोठ्या बाईंच्या भागातही नाही.

ताईने उजळणी थांबवली. तंबाखू नाही. कुठल्याच रूपात नाही. एकट्या, भावंडांशिवायच्या निकोटिनचा एकच पत्ता होता. कारखान्यात शुद्ध करून औषधात घालतात ते. पट्टी किंवा गम. आणि गम तर तिने मनातून केव्हाच बाद केला होता, कारण भावाने तो तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकला होता. इतके दिवस ती त्याला ओढलीस का, ओढलीस का एवढंच विचारत होती. दुसरं काही विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

इंजिन त्या दिवशी कामावर होता. वाकता येत नसलं तरी तो जायचा, उलट्या बादलीवर बसून इतरांना हुकूम सोडायला. नव्या दवाखान्याची का दुकानाची मोठी खोली होती, सिमेंटचा ओला वास, भिंतीशी फरश्यांची चळत. माणसं जेवायला गेली होती. इंजिन बादलीवर एकटाच होता आणि त्याचा जबडा हलत होता. तो जबडा सगळ्यांनीच रोज बघितला होता. सिगारेट सोडल्यापासून पेपरमिंटचा गम खातो, असं तो म्हणायचा आणि पेपरमिंटची चपटी डबी खिशात घेऊन फिरायचा. त्यात लपवण्यासारखं काय असणार?

"यंत्र आणलंस का?" ताईला बघून तो म्हणाला आणि सवयीने हात पुढे केला.

"नाही. तोंडात काय आहे?"

"गम."

"कुठला?"

इंजिनचा जबडा थांबला. ताईने हात पुढे केला आणि तसाच ठेवला. शेवटी त्याने डबी काढून तिच्या हातावर ठेवली. वडी तिने बोटांत फिरवली, हुंगली. दोन वर्षांपूर्वी तिनेच विकत आणलेल्या निकोटिनच्या गमच्या जातीची होती.

"हिला सांगू नकोस," तो म्हणाला. "ती सगळ्यांना सांगत सुटली होती, एका फटक्यात सोडली म्हणून. माझ्याबद्दल ती असं कधी बोललीय का? तिसऱ्याच दिवशी माझा जीव जायला आला होता, ताई. भिंतीला डोकं आपटावंसं वाटत होतं. मग दुकानात गेलो. आता कुठल्या तोंडाने सांगू, की चोखणी लागली म्हणून?"

"पण मला का नाही सांगितलंस? तारीख गेली तुझी. पाय चाललाय तुझा."

"त्याचा काय संबंध?" इंजिनने खरोखर न कळून विचारलं. "हे औषध आहे. यात धूर कुठाय? तुझं यंत्र धूर पकडतं ना?"

ताईने वडी परत डबीत ठेवली.

"तूच म्हणायचीस," तो म्हणाला. "कितीदा म्हणालीस. धूर पकडतं, धूर पकडतं. मी म्हटलं, धूर तर मी घेत नाही. मग मला कशाची भीती?"

"निकोटिन पकडतं," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "सिगारेटचं असो, गमचं असो. त्या चाचणीला फरक कळत नाही. मला सांगायला हवं होतं. मी तुम्हाला सोपं करून सांगत राहिले."

मग इंजिनने तोंडातली वडी कागदात काढून ठेवली. "म्हणजे मी खोटं नव्हतो बोलत," तो म्हणाला.

"नव्हतास."

"आणि तुझं यंत्रही."

"तेही नाही. चल, ऊठ. डॉक्टरांकडे जायचंय."

डॉक्टरांनी कागद शांतपणे बघितले. श्वासाचे आकडे बघितले, अ‍ॅनाबेसिनचा कोरा रकाना बघितला, मोठ्या बाईंची सही बघितली. "यांनी ओढली नाही हे मला पटलं," ते म्हणाले. "सिगारेटपेक्षा गम शंभर पटींनी बरा, हेही खरं. पण मला हाड जुळवायचंय. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. ते कुठल्या दारातून आलं याच्याशी मला कर्तव्य नाही. मला ते नको."

"गम बंद केला तर आठवड्याभरात कोटिनिन उतरेल," ताई म्हणाली. "चार महिने थांबायला सांगू नका. पाऊल उचलत नाही त्याचं."

"बाई, माझ्याकडे रांग आहे."

"असेल. रांगेतला कुणीतरी ऐनवेळी येणार नाही. त्या जागी याला घ्या. तोवर आम्ही तयार राहतो."

"आणि तपासणी कोण करणार? तुम्ही?"

"मी नाही. मोठ्या बाई करतील. मी त्या खोलीत पाऊल ठेवणार नाही, कागदही बघणार नाही."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. ही बाई उद्या पुन्हा येईल, परवाही येईल, हे त्यांना कळलं असावं. "पुढच्या आठवड्याच्या शेवटी एक जागा होण्यासारखी आहे," ते म्हणाले. "आकडा खाली आला तर बघू."

बाहेर आल्यावर इंजिन म्हणाला, "हिला तू सांग ना. तुझ्या भाषेत, ते भावंडांचं वगैरे."

"नाही. माझं काम मोजायचं. हे तुझं काम आहे."

"मग निदान बरोबर तरी ये."

ती गेली. भावजय नुकतीच घरी आली होती, गाडीच्या किल्ल्या अजून हातातच होत्या. इंजिनने डबी टेबलावर ठेवली आणि सांगितलं. पाल्हाळ नाही, हसणं नाही. तिसऱ्या दिवशी हरलो, गम आणला, डबीत लपवला, तू सगळ्यांना सांगत होतीस म्हणून बोललो नाही. मग फाशीची शिक्षा ऐकायला कुणी उभं राहावं तसा तो उभा राहिला.

भावजयने डबी उघडली. एक वडी दाताखाली धरून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"ही असली घाण तू दिवसभर खात होतास?"

"हो."

"सिगारेट ओढू नये म्हणून?"

"हो."

ती खुर्चीवर बसली. "तू एका फटक्यात म्हणालास ना," ती म्हणाली, "तेव्हाच मला कळलं होतं की हा लपून ओढणार. एका फटक्यात सोडणारा माणूस तू नाहीस. मला माहीत नाही का? लोकांना सांगत सुटले, ते तुला मागे फिरता येऊ नये म्हणून. शिकाऊ माणसाला चढावर घालते ना, तसं. गम खातोय म्हणाला असतास तर पहिल्याच दिवशी विश्वास ठेवला असता मी." आणि मग तिला रडू आलं. ती एवढ्या सहजी रडणारी नव्हती, त्यामुळे काय करावं हे इंजिनला कळेना. तो तिच्या खुर्चीमागे जाऊन नुसता उभा राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. गमही गेला आणि त्याच्याबरोबर इंजिनची उरलीसुरली झोप आणि माणुसकी गेली. तो आईवर खेकसला, बादलीवर खेकसला, एका फरशीला त्याने शिव्या घातल्या. भावजय त्याला गाडीत मागच्या सीटवर बसवून शिकवणीच्या फेऱ्यांना न्यायला लागली. आरसा त्याच्याकडे वळवलेला, म्हणे डोळा चुकवता येऊ नये. शिकणारे घाबरेघुबरे होत आणि इंजिन त्यांच्या प्रत्येक चुकीवर दातओठ खात बसे. तेवढाच वेळ बरा जायचा. ताई रोज संध्याकाळी यायची, पण यंत्र न घेता. पहिल्या दिवशी त्याने हात पुढे केला.

"आणलं नाही," ती म्हणाली.

"का?"

"कशाला?"

"मला बघायचंय ना किती येतो तो," इंजिन कुरकुरला. "सवय झालीय."

तपासणीची बाटली मोठ्या बाईंच्या खोलीत गेली, त्या दिवशी ताईने आपल्या यंत्राला वीस सिगारेटी लावल्या आणि चकत्या बदलत राहिली. मधली भिंत काचेची होती. मोठ्या बाईंची पाठ दिसत होती, पडद्यावरची रेघ सरकताना दिसत होती, फक्त आकडा दिसत नव्हता. जाऊन बघितलं असतं तर मोठ्या बाई काही बोलल्या नसत्या. ताईने खुर्ची फिरवून घेतली आणि काचेकडे पाठ केली.

दुपारनंतर मोठ्या बाईंनी कागद डॉक्टरांकडे धाडला आणि त्या चहाला गेल्या. जाताना दार उघडंच ठेवलं. कागदाची दुसरी प्रत टेबलावर होती, पेपरवेटखाली. थोड्या वेळाने ताईचा फोन वाजला.

"तारीख मिळाली," इंजिन म्हणाला. मागे भावजय कुणाला तरी ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडत होती. "शुक्रवारी सकाळी."

ताई म्हणाली, "आकडा किती आला?"

"तुला काय करायचाय आकडा?" तो म्हणाला. "मी सांगतोय ना."

समोर यंत्राने झुरका घेतला. वीस टोकं एकदम लाल झाली आणि पुन्हा राखेत गेली. उघडं दार चार पावलांवर होतं.

"बरं," ताई म्हणाली. "शुक्रवारी किती वाजता निघायचं?"